प्रस्तरारोहण आणि आपापली शरीरयष्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राथमिक प्रशिक्षण झालं, हार्नेस आणि दोरीची भीड चेपली, चार-सहा वेळा कातळाला हात लागले, की प्रश्न सुरू होतात. पहिल्या दिवशी सगळे गाठींबद्दल विचारतात. नंतर विचारतात ते स्वतःबद्दल. माझे हात पुरत नाहीत, माझं पोट मध्ये येतं, माझे गुडघे वळत नाहीत. अशा प्रश्नांची ही उत्तरं आहेत. बहुतेक उदाहरणं सह्याद्रीच्या बेसॉल्टवरची आहेत, कारण आपल्यातल्या बहुतेकांची चढाई तिथेच होते. दोरी, अँकर (दोरी बांधायचा पक्का आधार) आणि बिलेची (चढणाऱ्याची दोरी खालून सांभाळण्याची) मूलतत्त्वं इथे शिकवलेली नाहीत. ती जाणत्या माणसाकडून, प्रत्यक्ष कातळावरच शिकायची.

चढण्याची एकच बरोबर पद्धत असते का?

थोड्या गोष्टी सगळ्यांना सारख्या लागू पडतात. वजन पायांवर हवं, कारण मांडीचे स्नायू मोठे आणि चिवट असतात, हाताचे त्यामानाने लवकर दमतात. लटकताना कोपर सरळ हवं, म्हणजे भार हाडांवर जातो आणि दंड वाचतो. उभ्या कातळावर कंबर जितकी जवळ तितकं वजन पायांत उतरतं. पाय ठेवताना शेवटपर्यंत त्याच्याकडे बघायचं आणि एकदा ठेवला की चाळवायचा नाही. हे गुरुत्वाकर्षणाचं गणित आहे, त्यात तुमच्या-माझ्या देहयष्टीने फरक पडत नाही.

बाकी सगळं मापाचं काम आहे. कोणता होल्ड, म्हणजे हात-पाय टेकवायची जागा, धरायची, पाय किती वर घ्यायचा, कातळाकडे तोंड करून चढायचं की कुशीवर वळून, झेप घ्यायची की मधला बारका होल्ड वापरायचा, हे ज्याच्या त्याच्या शरीरावर ठरतं. पाच फूट दहा इंचांचा प्रशिक्षक खालून ओरडतो, "अरे, डावीकडचा जग धर ना, सोप्पंय!" (जग म्हणजे मूठभर धरता येणारा मोठा होल्ड.) तो खोटं बोलत नसतो. त्याला ते खरंच सोपं असतं. पण तो सांगत असतो ती त्याची वाट. तुमची वाट त्याच पॅचवर, म्हणजे कातळाच्या त्याच तुकड्यावर, दीड फूट उजवीकडून जात असेल.

माझी उंची जेमतेम पाच फूट आहे. हात पोचतच नाहीत. काय करू?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर.

आधी हे तपासा की हात पोचत नाहीत की कंबर पोचत नाही. नवशिक्यांमध्ये बहुतेक वेळा दुसरी गोष्ट असते. दोन्ही पाय खालच्या कडेवर जोडून, गुडघे अर्धवट वाकवून, कंबर बाहेर काढून हात ताणला, तर सहा फुटी माणसाचाही हात पोचणार नाही. तेच एक पाय वर घेऊन, कंबर त्या पायावर नेऊन उभं राहिलं, तर बसल्या जागी फूटभर उंची वाढते.

सरावाच्या पॅचवर हे नेहमी दिसतं. एक रुंद कड, तिच्यावर उभं राहायचं, वर मुठीएवढी खाच. पावणेसहा फुटांची मुलं कडेवर टाचा उचलून उभी राहतात आणि खाच धरतात. मग येते पाच फुटांच्या आतली एखादी मुलगी. ती खाचेकडे बघतसुद्धा नाही. बेसॉल्टमध्ये पांढऱ्या स्फटिकांनी भरलेल्या लहान पोकळ्या असतात, तशी एक पोकळी तिच्या गुडघ्याच्या उंचीवर असते. तिच्या खालच्या धारेवर ती डाव्या बुटाची आतली कड टेकवते, अंगठ्याच्या पेराएवढीच. उजवा तळहात कमरेशेजारच्या उतारावर ठेवून खाली दाबते, ओढत नाही, दाबते. कंबर सरकत डाव्या टाचेच्या वर येते, आणि मग ती नुसती उभी राहते. खाच आता तिच्या तोंडासमोर असते. तिने दोन जास्तीच्या हालचाली केल्या, पण दंडाला जोर लागू दिला नाही. ती पोकळी मुलांना दिसलेलीच नसते, कारण त्यांना तिची गरजच पडली नव्हती.

तेव्हा कमी उंचीच्या माणसाने मोठे होल्ड मोजायचे नाहीत, मधले मोजायचे. खालून पॅच वाचताना प्रत्येक मोठ्या होल्डच्या मध्ये काय आहे ते बघा. बोटांचे शेंडे क्षणभर टेकतील एवढी धार, पायाचा चवडा चिकटेल एवढा उतार. त्यावर लटकायचं नाही, त्यावरून पुढे जायचं. शिवाय पाय उंच घेण्यासाठी कमरेचा लवचीकपणा वाढवा. उंची वाढवता येत नाही, ही लवचीकता वाढवता येते.

जगातली उदाहरणं हवीत तर अमेरिकेची चढाईपटू लिन हिल बघा. उंची १५७ सेंटीमीटर. अमेरिकेतल्या योसेमिटीमधल्या एल कॅपिटन या कड्यावरची 'द नोझ' ही सुमारे ९०० मीटरची वाट १९९३ मध्ये तिने सर्वप्रथम मुक्त पद्धतीने, म्हणजे साधनांना न लटकता चढली, आणि १९९४ मध्ये तीच एका दिवसात. त्याआधी भलेभले तिथे अडले होते. वरच्या भागातल्या एका गुळगुळीत कोपऱ्यात धरायला जवळजवळ काही नाही. तिथे तिने पाय, कोपर, पाठ, नितंब दोन्ही भिंतींवर उलटसुलट दाबत, अंग वळवत वाट काढली. ही युक्ती तिला कुणी शिकवली नव्हती. तिच्या अंगाला तिथे तेवढंच जमण्यासारखं होतं.

म्हणजे उंची ही नुसती सबब आहे?

नाही. असं सरसकट म्हणणारे बहुधा उंच असतात.

कधीकधी खरोखरच पोचत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत 'आई मोरी' ही जपानची चढाईपटू, उंची १५४ सेंटीमीटर, पहिल्या बोल्डरच्या (दोरीशिवाय चढायच्या बुटक्या टप्प्याच्या) सुरुवातीच्या होल्डपर्यंतच पोचू शकली नाही. उड्या मारून पाहिल्या, गुण शून्य. तीच मुलगी त्यानंतर लीड प्रकारात, म्हणजे दोरी स्वतःसोबत वर नेत वाटेत अडकवत चढायच्या प्रकारात, अंतिम फेरीतल्या सगळ्यांपेक्षा वर गेली आणि एकूण चौथी आली. कौशल्य कमी होतं असं कोण म्हणेल? कृत्रिम भिंतीवर होल्ड माणूस लावतो, त्यामुळे तिथे असा अन्याय होऊ शकतो आणि त्यावर वादही झाला. नैसर्गिक कातळ कुणाचं माप घेऊन घडलेला नसतो. त्यावर मधलं काहीतरी सापडण्याची शक्यता जास्त, पण हमी नाही.

माझा साधा नियम असा: तीन निरनिराळ्या तऱ्हांनी प्रयत्न केल्याशिवाय उंचीला दोष द्यायचा नाही. आणि तीन तऱ्हा झाल्यावरही नाही जमलं, तर खुशाल द्यायचा. वाटेची जी श्रेणी (अवघडपणाची पायरी) सांगितली जाते ती ठरवणाऱ्याच्या शरीराची श्रेणी असते. तुम्हाला ती एक पायरी कठीण असेल, तर ती खरंच कठीण आहे.

जिममध्ये सांगतात, उंची कमी असेल तर झेप घे. सह्याद्रीत घ्यावी का?

दोरी वरून लावलेली असेल आणि होल्ड ओळखीचा असेल तर घ्या. लीड करताना शक्यतो नको.

कारण आपला दगड. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला. थरांच्या सांध्यात खाचा आणि आडव्या कडा भरपूर मिळतात, पण ऊन-पावसाने कित्येक होल्ड सैल झालेले असतात. अनोळखी होल्ड आधी तळहाताने थोपटून बघायचा. पोकळ आवाज आला तर सोडून द्यायचा, किंवा अगदी नाइलाज असेल तर खालच्या दिशेने दाबायचा, बाहेर ओढायचा नाही. झेप घेणाऱ्याला हे थोपटणं शक्यच नसतं. तो हवेत असतानाच ठरतं की होल्ड राहतो की हातात येतो, आणि खाली बिले देणारा उभा असतो.

म्हणून जिममध्ये कमी उंचीच्या चढाईपटूचं पहिलं शस्त्र झेप असेल, तर कड्यावर ते उंच पाय हे असायला हवं. बदामीचा लाल वालुकाश्म आणि हंपीचा ग्रॅनाइट यांचं गणित वेगळं आहे. तिथला दगड सहसा घट्ट असतो. हंपीत तर होल्डपेक्षा बुटाच्या तळव्याचं घर्षणच जास्त कामाला येतं, त्यामुळे तिथे हलक्या, छोट्या माणसाला धीटपणे पाय टाकता येतात.

मी सहा फूट उंच आहे. सगळे म्हणतात तुला काय, सोपं आहे. मग माझे हात इतक्या लवकर पंप, म्हणजे भरून येऊन निकामी, का होतात?

कारण तुम्ही पोचता म्हणून धरता. लांब माणसाला मोठा होल्ड दुरून दिसतो, तो पाय न हलवता हात ताणतो, आणि मग ताणलेल्या अवस्थेत, पाय खाली निसटायच्या बेतात असताना, हातांवर स्वतःला वर ओढतो. चार हालचाली वाचल्या असं वाटतं, पण दंडाने त्यांची किंमत मोजलेली असते.

उंच माणसाने दोन सवयी लावून घ्याव्यात. हाताच्या प्रत्येक हालचालीमागे पायाच्या निदान दोन हालचाली. आणि हात पूर्ण ताणला जाईल असा होल्ड धरण्याआधी एकदा विचार, की पाय सहा इंच वर घेतला तर हाच होल्ड खांद्याच्या रेषेत येईल का?

उंचांची खरी परीक्षा असते ती अंग आखडावं लागतं अशा जागी. पाय उंच आहे, हात खाली आहे, मध्ये लांबलचक मांडी बसवायची कुठे? छपराखाली, ओव्हरहँगच्या (बाहेर झुकलेल्या कातळाच्या) पोटात, बसून सुरू होणाऱ्या बोल्डरवर त्यांचे गुडघे त्यांनाच कातळापासून ढकलतात. इथे गुडघा समोर न ठेवता बाहेर उघडायचा किंवा आत पाडायचा. लांब हाडं म्हणजे लांब तरफ, त्यामुळे ओव्हरहँगवर पाय सुटला की शरीर जास्त झुलतं आणि ते थांबवायला पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंना जास्त काम पडतं. चेक चढाईपटू ॲडम ओंद्रा १८६ सेंटीमीटर उंच आहे. २०१७ मध्ये नॉर्वेतल्या फ्लाटांगरच्या गुहेत त्याने 'सायलेन्स' ही जगातली पहिली ९सी श्रेणीची वाट चढली. तिथे त्याने उलटं लटकून पाय आणि गुडघे भेगांत अडकवून ठेवण्यासाठी पोटऱ्यांचे खास व्यायाम केले होते. लांब पाय अडचण होत असतील तर ते अडकवून टाका, असाही एक मार्ग असतो.

हातांची लांबी कशी मोजायची, आणि तिचा उपयोग काय?

भिंतीला पाठ लावून दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरा, मधल्या बोटांच्या टोकांमधलं अंतर मोजा, त्यातून उंची वजा करा. बहुतेकांचं उत्तर शून्याच्या आसपास येतं. जास्त आलं तर हात लांब. त्यांना ओव्हरहँग आणि आडवे ट्रॅव्हर्स सोपे जातात, पण कमरेशेजारी तळहात दाबून वर यायची मँटलची हालचाल जड जाते. हात आखूड असतील तर उलट. बस, एवढाच उपयोग. हा आकडा बायोडेटात लिहिण्यासारखा नाही, आणि त्यावरून रुसून बसण्यासारखा तर नाहीच.

वजन जास्त आहे. आधी कमी करून मग चढायला यावं का?

नको. आधी या.

जास्त वजनाच्या माणसाने सुरुवात उतरत्या कातळावर करावी, म्हणजे नव्वद अंशांपेक्षा कमी चढाच्या स्लॅबवर. तिथे सगळा खेळ पायांचा आणि तोलाचा असतो. टाचा खाली, नितंब थोडे बाहेर, वजन सरळ बुटाच्या तळव्यात. चांगले भरलेले लोक स्लॅबवर सडपातळ लोकांना मागे टाकताना पाहिलेत, कारण त्यांनी हातांवर विसंबायचं पहिल्या दिवसापासून सोडलेलं असतं.

उभ्या भिंतीवर पोट मध्ये येतं, हे खरं. तोंड समोर ठेवून चढलात तर पोटामुळे कंबर वीतभर बाहेर राहते आणि तेवढा भार बोटांवर येतो. उपाय, कुशीवर वळा. गर्दीच्या लोकलमध्ये आपण आडवे होऊन वाट काढतो तसं. उजवा हात वर जाणार असेल तर उजवी कंबर कातळाला लावा, उजव्या बुटाची बाहेरची कड होल्डवर, डावा पाय मोकळा मागे किंवा बाजूला तोलासाठी. पोट बाजूला जातं, कंबर चिकटते, आणि हात चार बोटं जास्त वर पोचतो. हाच डाव बारीक माणसांनाही उपयोगी आहे, पण त्यांना त्यावाचून चालून जातं म्हणून ते शिकत नाहीत.

दोन सावधगिऱ्या. पोट सुटलेलं असेल तर कमरेचा हार्नेस नितंबांच्या हाडांवर नीट बसतो का, उलटं झाल्यावर निसटणार नाही ना, हे तपासा. शंका असेल तर छातीचा हार्नेस जोडा किंवा पूर्ण अंगाचा वापरा. आणि वाढलेल्या वजनाने बोटांचे बारके होल्ड खेचू नका. स्नायू दोन-तीन महिन्यांत तयार होतात, कंडरा आणि अस्थिबंध फार सावकाश.

वजन उतरवण्याच्या नादाबद्दलही सांगायला हवं, कारण हा प्रश्न आता उलट्या बाजूनेही येतो. हलकं असलं की चढणं सोपं होतं, म्हणून काही मुलंमुली जेवण तोडतात. काही महिने निकाल दिसतो. मग पाळी अनियमित होते, हाडं कमकुवत होतात, दुखापती भरून येत नाहीत. स्पर्धात्मक क्लाइंबिंगमध्ये हे इतकं वाढलं की आंतरराष्ट्रीय महासंघाला २०२४ च्या मोसमात खेळाडूंच्या ऊर्जेच्या तुटीची तपासणी करण्याचे नियम आणावे लागले. पोळीभाजी खाऊन या.

माझं वजन ४८ किलो, माझ्या जोडीदाराचं ८५. बिले देऊ का?

द्या, पण नुसतं उभं राहून नाही. लीड करणारा पडला की हलका बिले देणारा उचलला जातो, कातळावर आपटतो, आणि घाबरून दोरीचा हात सोडण्याचा धोका असतो. आपल्या कड्यांवर पायथ्याची जागा अनेकदा अरुंद आणि उताराची असते, त्यामुळे हलक्या माणसाने खालच्या बाजूने एका पक्क्या अँकरला स्वतःला बांधून घ्यावं. अँकरला बांधलेली ही दोरी जवळजवळ ताठ, तिच्यात ढिलाई नको. उभं राहायची जागा पहिल्या बोल्टच्या (दोरी अडकवण्यासाठी कातळात ठोकलेल्या खिळ्याच्या) जवळजवळ खाली, फार मागे नाही. घर्षण वाढवणारी उपकरणं बाजारात आहेत. जिममध्ये ती चांगली, पण आधी त्यांचा सराव करा.

बोल्ट इतके लांब आहेत की माझा हातच जात नाही. पुढे कशी जाऊ?

सुळक्यांवरच्या जुन्या वाटांवर हे हमखास होतं. बोल्ट ठोकणारा जिथे उभा होता तिथून त्याचा हात पोचला, तिथे त्याने भोक पाडलं. म्हणजे दोन बोल्टमधलं अंतर हे त्याच्या हाताचं माप आहे. कृत्रिम चढाईत, म्हणजे बोल्टला लटकूनच वर जायच्या टप्प्यावर, कमी उंचीच्या माणसाने पाय ठेवायचा फास एक पायरी वर बांधून ठेवावा आणि सोबत एक ताठ काठी किंवा ताठ केलेला क्विकड्रॉ (दोन्ही टोकांना अडकवायची कडी असलेली पट्टी) ठेवावा. यात लाज कसली?

मुक्त चढाईत मात्र उंचांची नक्कल करू नका. ते हात पूर्ण वर ताणून डोक्याच्या वरचा बोल्ट क्लिप करतात, म्हणजे त्यात दोरी अडकवतात. तेवढी दोरी वर ओढलेली असताना पाय सुटला तर पडणं तितकंच लांबतं. तुम्ही एक हालचाल जास्त करून बोल्ट छातीजवळ किंवा कमरेजवळ आल्यावर क्लिप करा. मधल्या त्या एका हालचालीची भीती वाटते, पण चांगल्या होल्डवरून कमरेजवळ क्लिप करणं हे वाईट होल्डवरून ताणून क्लिप करण्यापेक्षा बहुतेकदा सुरक्षित असतं. अपवाद अगदी खालच्या बोल्टचा, जिथे पडल्यास थेट जमीन लागते. तिथे उंच साथीदाराने आधी दोरी अडकवून दिली तर घ्यावी.

बोटं दुखतात. सगळे अंगठा वर दुमडून बारीक धार धरतात, मीही तसंच करू का?

ती पकड, पूर्ण क्रिंप, ताकदवान वाटते कारण अंगठा तर्जनीला कुलूप लावतो. पण तिच्यात बोटाच्या मुळाजवळचं एक बारीक कडं, ज्याने कंडरा हाडाला धरून ठेवलेला असतो, त्यावर उघड्या हाताच्या पकडीपेक्षा कितीतरी पट भार येतो. क्लाइंबर लोकांची सर्वांत ठरलेली दुखापत तीच. 'टक' असा आवाज आला आणि बोट सुजलं, तर दिवस संपला, डॉक्टरकडे जा.

इथेही शरीर बघावं लागतं. बोटांची लांबी सगळ्यांची सारखी नसते. ज्यांची करंगळी फार आखूड असते त्यांना उघड्या हाताने चारही बोटं टेकवता येत नाहीत. त्यांनी तीन बोटांची उघडी पकड मुरवावी, करंगळी मोकळी सोडावी. लहान हाताच्या माणसाला बारीक धारेवर जास्त पेरं बसवता येतात, भेगेतही बोटं आतवर जातात. मोठ्या हाताला गोलसर उतार आणि रुंद भेगेत मूठ अडकवणं सोपं. डाव्या हाताची तर्जनी यंत्रावर कापली गेल्यानंतर (२००१) अमेरिकेचा चढाईपटू टॉमी काल्डवेल याने उरलेल्या चार बोटांवर पकडी नव्याने बसवल्या आणि जानेवारी २०१५ मध्ये केव्हिन जॉर्गसनसोबत एल कॅपिटनवरची डॉन वॉल मुक्त पद्धतीने पूर्ण केली. तिथे वाटेत एक लांब आडवी झेप आहे. जॉर्गसनने ती घेतली. काल्डवेलला ती जमेना, तर तो खाली उतरून मोठा वळसा घालून पलीकडे गेला. दोघांनीही चढाई पूर्ण केली.

माझी कंबर ताठ आहे, मांडी घालूनही नीट बसता येत नाही. ड्रॉप नी कसा करू?

गुडघा आत पाडायच्या या डावात जोर गुडघ्यावर नाही, कंबर आणि चवड्यावर यायला हवा. घरच्या भिंतीशी करून बघा. बुटाची पुढची बाहेरची कड भिंतीलगतच्या पायरीवर ठेवा. आधी चवड्यावर पूर्ण पाय फिरवा, टाच बाहेर जाऊ द्या, मग कंबर वळू द्या, आणि शेवटी गुडघा आपोआप आत-खाली येईल. उलट क्रमाने, म्हणजे पाय घट्ट रोवून नुसता गुडघा पिळलात, तर आतल्या बाजूचा अस्थिबंध आणि गादी दोन्ही ताणली जातात. आतल्या बाजूला चमक आली की सोडून द्या.

कंबर ताठच राहिली तर डाव बदला. ड्रॉप नीऐवजी कुशीवर वळून मोकळा पाय मागे टाकला, तरी बऱ्याच जागी तेच काम होतं. उलट, ज्यांचे सांधे नको तितके सैल आहेत, कोपर मागे वाकतं, त्यांनी सरळ हाताने लटकताना खांदे कानांपर्यंत जाऊ देऊ नयेत. पाठीची पाती किंचित खाली ओढून ठेवावीत. 'हात सरळ' हा सल्ला त्यांना अर्धाच लागू आहे.

चाळिशीनंतर सुरुवात केली तर?

तंत्र झपाट्याने येतं, कारण तुम्ही ताकदीवर भरवसा ठेवत नाही. वेळ लागतो तो शरीर तापायला आणि भरून यायला. पहिली वीस-पंचवीस मिनिटं सोप्या पॅचवर घालवा, दोन चढाईच्या दिवसांत निदान दोन दिवसांची विश्रांती ठेवा, आणि शेवटची 'अजून एकदा' टाळा. ती दमल्यावर असते, आणि दुखापत तेव्हाच होते.

एक बारीकशी गोष्ट कुणी सांगत नाही: प्रोग्रेसिव्ह किंवा दुहेरी भिंगाचा चष्मा. त्याचा खालचा भाग वाचनासाठी असतो, त्यामुळे खाली पायाकडे बघितलं की होल्ड धूसर दिसतो आणि पाय चुकतो. चढाईसाठी फक्त दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा घ्या आणि मागे दोरी लावा.

आठवी-नववीतली मुलं फार भराभर पुढे जातात. त्यांना कितपत करू द्यावं?

चढू द्या, भरपूर. बोटांचे वजन लावून व्यायाम आणि नुसत्या हातांनी फळ्यांवर झेपा, हे वाढ पूर्ण होईपर्यंत नको. या वयात बोटांच्या हाडांच्या टोकांजवळचा वाढीचा पट्टा अजून कूर्चेचा असतो आणि तिथे ताणाने भेग पडते. मधल्या सांध्यात दुखणं हे लक्षण. मुलं ते लपवतात, कारण स्पर्धा जवळ आलेली असते. शिवाय वर्षभरात चार इंच उंची वाढली की मुलाचा सगळा अंदाज बिघडतो, कालपर्यंत येणारे डाव आज येत नाहीत. तो आळशी झालेला नसतो. त्याला नवीन हात-पायांची सवय व्हायला सहा महिने द्या. लहानग्यांची कंबर भरलेली नसते, म्हणून त्यांना पूर्ण अंगाचा हार्नेसच.

अपंगत्व असलेल्या माणसाला चढता येतं का?

येतं, आणि तंत्र शरीराप्रमाणे घडवणं म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कुणी शिकवत नाही. अमेरिकेचा ह्यू हर १९८२ मध्ये हिमवादळात अडकला आणि गुडघ्याखाली दोन्ही पाय गमावून बसला. मग त्याने चढाईसाठीच कृत्रिम पाय बनवले: अरुंद भेगेत जाणारे पाचरीसारखे, बारीक कडेवर टिकणारे कडक, आणि हवी तशी लांबी कमी-जास्त करता येणारे. काही जागी तो पूर्वीपेक्षा चांगला चढायला लागला. भारताच्या मणिकंदन कुमारने पोलिओग्रस्त पायासह २०१२ च्या जागतिक स्पर्धेत पॅराक्लाइंबिंगच्या स्पीड प्रकारात सुवर्ण मिळवलं. २०२८ च्या लॉस एंजेलिस पॅरालिंपिकमध्ये पॅराक्लाइंबिंगचा समावेश झाला आहे.

बूट किती घट्ट घ्यावेत?

बोटं पुढे टेकलेली, किंचित वाकलेली, पण उभं राहता येईल इतके. सह्याद्रीतली दिवसभराची चढाई असेल तर घट्टपणाचा हट्ट सोडा, दुपारपर्यंत पाय सुजतात. दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असेल, तर टोकदार, वाकडे बूट अजिबात घेऊ नका. सगळा भार त्या बोटाच्या नखावर येतो आणि ते काळंनिळं होतं. सपाट, गोलसर टोकाचे घ्या. दुकानात संध्याकाळी जा, मोजे न घालता दोन्ही पायांत घालून बघा, आणि जास्त मोठ्या पायाच्या मापाने ठरवा.

माझी स्वतःची वाट कोणती हे कळणार कसं?

तुमच्याच बांध्याचा चढणारा शोधा आणि त्याला बघा. ग्रुपमधला सर्वांत चांगला क्लाइंबर नाही, तुमच्या मापाचा. नाही मिळाला तर दोरी वरून लावलेल्या सोप्या पॅचवर एकच टप्पा तीनदा करा: एकदा समोरून, एकदा कुशीवर वळून, एकदा पाय मुद्दाम जास्त उंच घेऊन. मित्राला मोबाइलवर बाजूने चित्रण करायला सांगा, मागून नाही. मागून नुसते हात-पाय दिसतात, बाजूने कंबर किती बाहेर राहिली ते दिसतं. ज्या तऱ्हेत कंबर जवळ राहिली आणि उतरल्यावर हात सर्वांत कमी भरून आले, ती तुमची. पुढच्या थंडीत परत करून बघा, उत्तर बदललेलं असू शकतं.